पहिला शब्द ‘नको’

(स्वमग्न मुलांचे पालक, शिक्षक आणि कार्यकर्ते यांच्या पुण्यातील बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी डॉक्टर नाही, समुपदेशक नाही आणि या विषयातला अभ्यासकही नाही. मी सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो. आठ वर्षांच्या एका स्वमग्न मुलाचा बाप, एवढीच माझी इथं बोलण्याची पात्रता. मुलाचं नाव मी घेणार नाही. त्याच्याविषयी असं चारचौघांत बोलायला त्याची परवानगी लागते, आणि ती मला अजून विचारता आलेली नाही.

‘स्वमग्न’ हा शब्द मला मनापासून पटत नाही. ‘ऑटिझम’मधल्या ग्रीक ‘ऑटोस’चा अर्थही ‘स्वतः’ असाच आहे, त्यामुळे दोष भाषांतराचा नाही. पण त्यातून असं वाटतं की मूल स्वतःतच बुडालेलं आहे, त्याला आपली काही पडलेली नाही. माझ्या गाडीची किल्ली कुठल्या खिशात आहे हे मला आठवत नाही तेव्हा आमचा मुलगा ती काढून देतो. त्याचं आमच्याकडे लक्ष असतं. ते तो आपल्या पद्धतीनं दाखवत नाही, इतकंच.

दीड वर्षाचा असताना तो हाकेला ओ देईना, बोटानं काही दाखवेना. बहिरा असेल म्हणून कान तपासले. कान उत्तम होते. अडीच वर्षांचा असताना निदान झालं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात १२७ माणसांमागे एक माणूस ऑटिझम असलेला होता. म्हणजे प्रत्येक मोठ्या शाळेत, प्रत्येक मोहल्ल्यात अशी मुलं असणारच. तरी निदान झालं त्या दिवशी आम्हाला वाटलं, हे फक्त आपल्याच घरात झालंय.

पहिल्या वर्षभरात आम्ही काय काय केलं ते सांगत बसत नाही. तुम्हीही तेच केलं असेल. कोणी म्हणालं नजर लागली, कोणी म्हणालं मोबाईल दाखवलात. एका नातेवाइकानं लसीचा संशय घेतला. तो संशय ज्या लेखातून जगभर पसरला, तो १९९८ चा लेख त्याच वैद्यकीय नियतकालिकानं २०१० मध्ये मागे घेतला आहे, एवढं त्याला सांगितलं आणि विषय संपवला. पेशींचं इंजेक्शन देऊन मूल ‘नॉर्मल’ करून देतो म्हणणारेही भेटले. त्यासाठी अब्बा गावाकडची जमीन विकायला निघाले होते. ऑटिझमवर स्टेम सेल ही मान्य उपचारपद्धती नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे रक्ताचे काही आजार वगळता असा वापर फक्त संशोधनाच्या चाचणीत होऊ शकतो. हे माझ्या वाचनात वेळेवर आलं, म्हणून जमीन वाचली.

पण एक सल्ला आम्ही निमूटपणे पाळला. आज मला बोलायचं आहे ते त्याबद्दल.

मूल तीन वर्षांचं असताना एका केंद्रात आम्हाला सांगितलं, “घरात एकच भाषा बोला. शक्यतो इंग्रजी. दोन-तीन भाषांनी त्याचा गोंधळ होतो.” सांगणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. आम्ही मूळचे सोलापूरचे. घरात दखनी, गल्लीत मराठी, आणि शेजारी तेलुगू आणि कन्नड. तिथली पोरं एका बोळात चार भाषा ऐकत मोठी होतात, त्यांचा गोंधळ झाल्याचं कधी ऐकलं नाही. तरीही आम्ही ऐकलं. भीती माणसाला आज्ञाधारक करते.

मी आणि बायको मुलाशी इंग्रजीत बोलू लागलो. ऑफिसमधली इंग्रजी. “कम हियर”, “सिट डाऊन”, “गुड जॉब”. अंगाईला, लाडाला, रागवायला शब्दच नव्हते, म्हणून लाड आणि रागावणं दोन्ही कमी झालं. आणि अम्मीला तर इंग्रजी येतच नाही. तिनं मला विचारलं होतं, “मैं उससे बात करूं, के नको करूं?” मी म्हणालो, “थोडे दिन नको.”

ते थोडे दिन चौदा महिने चालले.

रोज संध्याकाळी त्याच्या डोक्याला तेल लावताना अम्मी काहीबाही गुणगुणायची. तेल लावणं चालू राहिलं, गुणगुणणं बंद झालं. ती त्याच्या समोर ताट ठेवायची आणि उठून जायची. ज्या घरात दिवसभर त्याच्यासोबत असणारं तिसरं माणूस होतं, ते माणूस आम्ही मुकं करून टाकलं. त्याचा भार साहजिकच बायकोवर आला. ती लॅब टेक्निशियन होती, नोकरी तिनं आधीच सोडली होती. मी मात्र एक्सेल शीट ठेवत होतो. मुलाला कधी, कुठे, कशानंतर रडं येतं, याच्या रोजच्या नोंदी. एक दिवस बायको म्हणाली, “त्याच्या नोंदी ठेवता, त्याच्याजवळ बसत नाही.” शीटचा उपयोग झाला नाही असं नाही. कुकरची शिट्टी आणि मिक्सर हे दोन गुन्हेगार त्यातूनच सापडले. पण तिचं म्हणणं खरं होतं.

नंतर आम्हाला दुसऱ्या एक स्पीच थेरपिस्ट भेटल्या. त्यांनी पहिल्या दिवशी मुलाला काही विचारलं नाही. आम्हाला विचारलं, “घरात कोण कोण आहे, आणि कोण त्याच्याशी किती बोलतं?” अम्मीबद्दल ऐकल्यावर त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “आजींना उद्यापासून बोलू द्या.” त्यांनी समजावलं की दोन भाषांत वाढणारी स्वमग्न मुलं एका भाषेत वाढणाऱ्या स्वमग्न मुलांपेक्षा भाषेत मागे पडतात, असं आजवरच्या अभ्यासांत दिसलेलं नाही. मूल ज्या माणसांत राहतं त्यांची भाषा त्याला मिळालीच पाहिजे. नाहीतर ते बोलायला शिकलं तरी बोलणार कोणाशी?

त्या दिवशी घरी येऊन अम्मीला सांगणं मला फार जड गेलं.

त्यांनी चित्रांची कार्डंही सुरू केली. पाण्याचा पेला, चप्पल, झोपाळा. हवं त्याचं कार्ड मुलानं हातात द्यायचं. कार्डांमुळे मूल बोलणारच नाही अशी मला धास्ती होती. तीही फोल निघाली. अम्मीला लिहिता-वाचता बेताचंच येतं, पण कार्डांत ती आमच्या पुढे गेली. प्रत्येक कार्डाबरोबर एक शब्द, आपल्या भाषेत, रोज तोच, त्याच सुरात.

साडेपाच वर्षांचा असताना एका ईदला घरी पाहुणे आले होते. त्यातल्या एकांनी प्रेमानं त्याचा गाल ओढायला हात पुढे केला. एरवी तो अशा वेळी स्वतःचा हात कडकडून चावायचा, मनगटावर वण आहेत. त्यानं पाहुण्यांचा हात बाजूला सारला आणि म्हणाला, “नको.”

खोलीत सगळे गप्प. पाहुणे ओशाळले. आणि अम्मी हसत हसत रडायला लागली.

‘नको’ हा शब्द दखनीत मराठीतून आलेला आहे. घरात अम्मीला समजतो, शाळेत बाईंना समजतो, रिक्षावाल्याला समजतो. त्यानं नेमका असा शब्द उचलला जो त्याच्या दोन्ही जगांत चालतो. योगायोग असेल. पण त्यानंतर हात चावणं हळूहळू कमी झालं, तो योगायोग नाही. नकार द्यायला शब्द नव्हता, म्हणून तो दातांनी देत होता. आपण आपल्या मुलांना ‘गुड मॉर्निंग’ म्हणायला आधी शिकवतो, म्हणजे पाहुण्यांत लाज राहते. माझं मत असं की आधी ‘नको’ शिकवावं. ज्या मुलाला नको म्हणता येत नाही, त्याच्याशी कोणीही काहीही करू शकतं.

हे कळायला चौदा महिने का वाया गेले? कारण सल्ला देणाऱ्याला फक्त मूल दिसत होतं, घर दिसत नव्हतं. आणि घर दिसतं तेव्हा बहुतेक वेळा दोष द्यायला दिसतं, त्यातही आईला. हे फक्त आपल्याकडचं नाही. १९४३ मध्ये लिओ कॅनर यांनी ऑटिझमचं पहिलं सविस्तर वर्णन केलं, आणि पुढची वीसेक वर्षं अमेरिकेतले मोठमोठे लोक म्हणत राहिले की थंड स्वभावाच्या आईमुळे मूल असं होतं. १९६४ मध्ये बर्नार्ड रिमलँड यांनी पुस्तक लिहून ते खोडलं. ते मानसशास्त्रज्ञ होते आणि एका स्वमग्न मुलाचे वडीलही. १९७७ च्या जुळ्या मुलांच्या अभ्यासानं आनुवंशिकतेचा पुरावा दिला. तरी आमच्या इमारतीच्या जिन्यात बायकोला आजही विचारतात, “गरोदरपणात काही झालं होतं का?”

थोडं कामाचं सांगतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझमचा समावेश आहे. ४० मुद्द्यांच्या ‘इसा’ या भारतीय मोजपट्टीवर तपासणी होऊन प्रमाणपत्र मिळतं, त्यावरून यूडीआयडी कार्ड. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा आहे आणि थेरपीचा खर्चही त्यात काही प्रमाणात बसतो. आम्हाला एका सत्राचे आठशे रुपये लागायचे, म्हणून हे महत्त्वाचं. पगारदारांनी जुन्या करप्रणालीतली अवलंबित दिव्यांगासाठीची वजावट बघावी. शाळेनं “इतर पालकांची तक्रार आहे” असं सांगितलं, आम्हालाही एका शाळेनं सांगितलं होतं, तर त्याच कायद्याचं कलम ३१ वाचून जा: ६ ते १८ वयाच्या मुलाला जवळच्या किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. कलम सांगून शाळा प्रेमळ होत नाही, पण निदान बसायला खुर्ची देतात. आमचा मुलगा आता महापालिकेच्या मराठी शाळेत आहे. आणि अठरा वर्षांनंतर कायदेशीर पालक नेमायची तरतूद १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात आहे. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडे जातो. ‘आमच्यानंतर काय’ या प्रश्नाचं ते पूर्ण उत्तर नाही. माझ्याकडेही नाही.

जे पालक नाहीत त्यांच्याकडे मागणं फार मोठं नाही. गेल्या वर्षी मुलगा घरातून निसटला. अर्ध्या तासानं शेजारच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये सापडला, वर-खाली करत, मजेत. तिथल्या वॉचमननं त्याला पाहिलं होतं, पण नवीन भाडेकरूचा मुलगा असेल म्हणून सोडून दिलं. त्यानंतर मी आसपासच्या सगळ्या वॉचमनना आणि दुकानदारांना त्याचा फोटो आणि माझा नंबर दिला. आता तो कोपऱ्यावर गेला तरी मला फोन येतो. लग्नाच्या हॉलमध्ये “दोन चपाट्या द्या, गप्प बसेल” म्हणण्याऐवजी एखादी शांत खोली कुठे आहे ते दाखवा. गणपतीत आणि दिवाळीत आम्ही त्याच्या कानांवर कारखान्यातले कामगार लावतात ते इअर मफ लावतो. हार्डवेअरच्या दुकानात मिळतात, ‘स्पेशल’ दुकानापेक्षा खूप स्वस्त. ते पाहून हसू नका. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकू दर गुरुवारी दोन तास त्याच्यासोबत बसतात. त्या दोन तासांत बायको काय करते, मी विचारत नाही. ते तिचे आहेत.

आता माझं बोलणं थांबवतो, कारण शेजारच्या खोलीत आपली अकरा मुलं आहेत. त्यांच्यासोबत कॉलेजच्या तीन मुली आणि माझी अम्मी आहे, म्हणून आपण सगळे इथं एक तास बसू शकलो. साडेबाराला त्यांना मोकळं करायचं आहे. ज्यांचा यूडीआयडीचा अर्ज अडकलाय त्यांनी कागद घेऊन मागच्या टेबलाशी या, लॅपटॉप आणलाय. बाकीच्यांनी आधी त्या खोलीत जा.