रिपोर्टमध्ये आपलं नाव



आधी एक विचारते. इथे किती जणांनी मोबाईल, गाडी किंवा लॅपटॉप हप्त्यावर घेतलाय? अर्ध्याहून जास्त हात वर आहेत. आणि स्वतःचा क्रेडिट रिपोर्ट किती जणांनी उघडून पाहिलाय? चार. म्हणजे नोंद जवळपास सगळ्यांची झालीय, वाचलीय फक्त चौघांनी. मी अठरा वर्षं एका सहकारी बँकेच्या कर्ज विभागात बसले. टेबलाच्या त्या बाजूने जे दिसलं, तेच सांगायला आले आहे.

आपण सगळे ‘सिबिल किती आहे?’ असं विचारतो, पण सिबिल हे एका कंपनीचं नाव. ती २००० साली सुरू झाली. आज देशात अशा चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. बँका, फायनान्स कंपन्या आणि कार्ड देणाऱ्या संस्था तुमच्या कर्जाची माहिती त्यांना पाठवत असतात. त्या माहितीवरून ३०० ते ९०० मधला एक आकडा निघतो. साधारण ७५० च्या वर असला की बँकवाला फार कपाळाला आठ्या घालत नाही. मात्र हा काही कायद्याने ठरलेला आकडा नाही, प्रत्येक बँकेचा हिशेब वेगळा.

हप्ते वेळेवर गेले का, कार्डाच्या मर्यादेपैकी किती वापरलं, कर्जाची खाती किती जुनी आहेत, थोड्या दिवसांत किती ठिकाणी अर्ज केले, यावरून स्कोर ठरतो. त्यात पगार नसतो, बचत नसते. धर्म, जात, मोहल्लाही नसतो. हे मुद्दाम सांगतेय. सच्चर समितीने २००६ साली आपल्या अहवालात नोंदवलं होतं की काही बँकांनी काही वस्त्या ‘नकारात्मक क्षेत्र’ ठरवल्या आहेत आणि तिथे कर्ज सहज मिळत नाही. स्कोर आला म्हणून हे सगळं संपलं, असं मी म्हणणार नाही. शेवटचा निर्णय बँकेचाच असतो, आणि अर्जावरचा पत्ता माणूसच वाचतो. पण रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की कर्ज नाकारलं तर मुख्य कारण लेखी कळवायला हवं. २००७ पासून तो सगळ्या कर्जांना आणि क्रेडिट कार्डाच्या अर्जालाही लागू आहे. स्वच्छ रिपोर्ट हातात ठेवून ते लेखी कारण मागा. ‘वरून नाही आलं’ हे कारण नव्हे.

आता आपल्या नावांकडे येऊ, कारण इथे आपल्या मुलांचं खरं नुकसान होतं. इंग्रजीत ‘शेख’ तीन-चार तऱ्हांनी लिहिलं जातं. ‘मोहम्मद’ आधार कार्डावर पूर्ण, पॅनवर नुसतं ‘मोहद’, शाळेच्या दाखल्यावर दोनच अक्षरं. कुठे वडिलांचं नाव मध्ये, कुठे आडनावच नाही. रिपोर्ट तयार होताना नाव, जन्मतारीख, पॅन, पत्ता, मोबाईल नंबर जुळवले जातात, आणि जुळवताना गफलत होते. माझ्याकडे एक मुलगा घराच्या कर्जासाठी आला होता. पगार चांगला, कागद पूर्ण. रिपोर्टमध्ये मात्र दुचाकीचं थकलेलं कर्ज. तो म्हणाला, “आपा, मी अजून बसने फिरतो, गाडी कुठली?” कर्ज त्याच गावातल्या, त्याच नावाच्या दुसऱ्या माणसाचं होतं. तक्रार केली, नोंद निघाली, पण तोवर घरमालकाने दुसऱ्याशी व्यवहार केला होता.

म्हणून वर्षातून एकदा तरी रिपोर्ट उघडा. या प्रत्येक कंपनीने दरवर्षी एक पूर्ण रिपोर्ट मोफत द्यायचाच आहे. कंपन्या चार आहेत, तेव्हा दर तीन महिन्यांनी एकेकीचा काढला तर वर्षभर लक्ष राहतं. स्वतःचा रिपोर्ट पाहिल्याने स्कोर उतरत नाही, ही भीती काढून टाका. चूक दिसली तर त्याच कंपनीच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवा आणि तिचा क्रमांक जपून ठेवा. तीस दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम २०२४ पासून लागू आहे. आणि पॅन, आधार, बँक खातं या तिन्हींवर नाव एकाच स्पेलिंगने करून घ्या. कंटाळवाणं काम आहे, पण लग्नाच्या खरेदीआधी करा.

क्रेडिट कार्डाबद्दल मी एवढंच सांगते: बिल पूर्ण भरता येत असेल तरच ठेवा. बिलावर ‘किमान देय रक्कम’ असा एक आकडा असतो, तो गोड दिसतो. समजा बिल ४०,००० चं आहे आणि तुम्ही किमान २,००० भरले. उरले ३८,०००. महिन्याला साडेतीन टक्के हा दर कार्डांवर सर्रास दिसतो. म्हणजे व्याज १,३३०, त्यावर १८ टक्के जीएसटी २३९. पुढच्या महिन्यात पुन्हा २,००० भरलेत, तर त्यातले जेमतेम ४३० मूळ कर्जात गेले. शिवाय बाकी उरली की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. आज घेतलेल्या दुधाच्या पिशवीवरही आजपासून व्याज. कार्डाने एटीएममधून रोख काढली तर मुदत मुळातच नसते, वर वेगळं शुल्क.

व्याजाचा प्रश्न तुमच्यातल्या अनेकांच्या मनात आहे, मला माहीत आहे. मी धर्माची जाणकार नाही, तो निर्णय तुमचा. माझं काम माहिती देणं. बिल मुदतीत पूर्ण भरलं तर व्याज लागत नाही. पण करारात व्याजाचं कलम असतंच, आणि ज्यांना ते नको त्यांनी डेबिट कार्ड, यूपीआय वापरावं. त्यात काहीच कमीपणा नाही. मात्र तीच मुलं दुकानात ‘नो कॉस्ट ईएमआय’ निवडतात. हप्त्याचं विवरण नीट वाचा. बहुतेक वेळा त्यात व्याजाची ओळ असते, तेवढी सूट किमतीत दिलेली असते, आणि त्या व्याजावरचा जीएसटी तुमच्याच खिशातून जातो. शून्य टक्के व्याज असं काही अस्तित्वातच नसतं, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ साली बँकांना लेखी कळवलं आहे.

कर्ज न घेताही रिपोर्ट बिघडू शकतो. भावाच्या, दोस्ताच्या कर्जाला जामीन राहिलात की ते कर्ज तुमच्याही रिपोर्टमध्ये दिसतं. त्याचे हप्ते थकले तर डाग तुम्हालाही. मोठ्या अब्बांनी सांगितलं म्हणून सही करू नका, आधी हप्ता किती आणि भरणार कोण ते विचारा.

आणि थकलंच असेल तर? वसुलीवाला फोन करतो, ‘साठ हजार आहेत, पंचवीस द्या, मिटवून टाकू.’ पैसे वाचतात, पण रिपोर्टमध्ये ‘बंद’ ऐवजी ‘सेटल्ड’ असा शेरा पडतो. पुढचा बँकवाला त्याचा अर्थ ‘पूर्ण भरले नाहीत’ असाच घेतो. जमत असेल तर मुदत वाढवून मागा, पूर्ण भरा, आणि ‘बाकी नाही’ असा दाखला घेतल्याशिवाय सोडू नका.

चहानंतर मी मागच्या खोलीत बसते. ज्यांना आत्ताच रिपोर्ट काढायचाय त्यांनी पॅन कार्ड आणि खात्याला जोडलेला मोबाईल घेऊन यावं. ओटीपी येईल, तो स्वतःच टाका. मला सांगू नका, माझ्या शेजारी बसलेल्यालाही नाही.