जांभ्यातला पिंपळ



संयोजकांनी मला 'छंदाबद्दल बोल' असं सांगितलंय. बरंच झालं, सॉफ्टवेअरबद्दल बोलले असते तर मागचे बाक आजही झोपले असते. माझा छंद बोन्सायचा. झाड एकच, आणि तेही पुण्यात माझ्याकडे नाही. इथे रत्नागिरीत, आईच्या पडवीत आहे.

बोन्साय म्हटलं की लाल पानांचं जपानी मेपल डोळ्यांसमोर येतं. मलाही तेच हवं होतं. पण मेपलला पानं गाळून हिवाळाभर झोपायचं असतं, आणि त्यासाठी खरीखुरी थंडी लागते. आपल्याकडे जानेवारीच्या पहाटेही पारा 18-19 अंशांच्या आसपास. ते बिचारं झोपणार कधी? फेब्रुवारी 2018 मध्ये पुण्यात प्राजक्ता काळे यांनी 3,333 बोन्साय एकत्र मांडून गिनीज विक्रम केला, तेव्हापासून हे वेड वाढलं. शेवटी परसातल्या गडग्याकडे लक्ष गेलं. जांभ्याच्या फटीत पिंपळाचं रोप होतं. शेजारी म्हणाले, घरात पिंपळ लावू नये. आई म्हणाली, "अगो, लावतंय कोण? तो आपणहून आलाय."

त्याचं वर्ष आपल्या पंचांगाने चालतं. मृगाचा पाऊस स्थिरावला की ट्रेमधून काढून मुळं छाटायची, जांभ्याची बारीक खडी आणि शेणखत घालून पुन्हा बसवायचं. पावसाळ्यात फांदी भराभर जाड होते, म्हणून वळण द्यायला गुंडाळलेली तार दर तीन आठवड्यांनी बघायची, नाहीतर ती सालीत रुतते. ट्रे पागोळ्यांखाली ठेवायचा नाही, माती वाहून जाते. थंडीत फारसं काम नसतं. फाल्गुनात पानं गळतात आणि चैत्रात तांबूस, चकचकीत पालवी फुटते. मेपल पानं टाकताना लाल होतं, आमचा पिंपळ पानं घेताना! मला हेच जास्त आवडतं.

खरी परीक्षा वैशाखात. माती जेमतेम तीन बोटं खोल, त्यात खारा वारा. दिवसातून दोनदा पाणी, एकही दिवस चुकवून चालत नाही. आई आता 78 वर्षांची आहे, पडवीची पायरी उतरताना भिंत धरते. मी म्हणते, झाडासकट पुण्याला चल. ती म्हणते, त्याला तिकडची कोरडी हवा मानवायची नाही. ती नेमकी कोणाबद्दल बोलते आहे, ते मी विचारत नाही. कंपनीकडे दर महिन्यातला एक आठवडा इथून काम करायची परवानगी मागितली आहे. उत्तर अजून आलेलं नाही.

गेल्या पावसाळ्यात दोन फांद्यांवर गुटी बांधली होती, दोन्ही धरल्या. ती रोपं मागच्या टेबलावर ठेवली आहेत. हवी त्याने न्यावीत. फक्त ज्यांच्या इथल्या घराला वर्षातले अकरा महिने कुलूप असतं, त्यांनी कृपया हात लावू नये.