जात्यावरची ओवी आणि मिसिसिपीचे ब्लूज
(शिंदे घाट येथील गणेशोत्सवात झालेले व्याख्यान)



गणपतीपुढे परक्या देशातल्या गाण्यावर काय बोलणार, असे काहींनी मला विचारले. आपला हा घाट बायजाबाई शिंदे यांनी १८३० साली बांधवला, आणि आपल्याच भाराने तो खचला. शेजारी मणिकर्णिका अहोरात्र पेटलेली. दुःखाच्या गाण्याबद्दल बोलायला याहून योग्य जागा कोणती?

अमेरिकेत १८६५ साली गुलामगिरी कायद्याने संपली, पण कर्ज संपले नाही. मिसिसिपीच्या कापसाच्या शेतांत काळे मजूर अर्धेलीने राबत. बी-बियाणे, मीठ-पीठ मालकाच्या दुकानातून उधार घ्यायचे आणि हंगामाअखेर हिशोबात पुन्हा देणेच निघायचे. आपल्याकडचा सावकारी पाश ज्यांनी ऐकला आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको. शेतातल्या हाका, कामाची गाणी आणि चर्चमधली भजने यांतून जे गाणे तयार झाले ते ब्लूज.

त्याची बांधणी साधी. एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची आणि तिसऱ्या ओळीत उत्तर द्यायचे. पहिली ओळ दुसऱ्यांदा येईपर्यंत गाणाऱ्याला पुढचे सुचायला वेळ मिळतो. त्यातले गंधार-निषाद शुद्धही नसतात आणि पुरते कोमलही नसतात, मध्येच कुठेतरी थरथरतात. हार्मोनियमवर ते सापडणार नाहीत, पण आपल्या मींडेला ते ओळखीचे आहेत. १९०३ साली टटवायलर नावाच्या स्टेशनवर गाडीची वाट पाहणाऱ्या डब्ल्यू. सी. हँडी यांना एक फाटका माणूस तारांवर सुरी घासत गिटार वाजवताना दिसला. ते सूर हँडींच्या मनातून गेले नाहीत. पुढे त्यांनी ब्लूजची गाणी कागदावर उतरवून छापली. म्हणूनच १९९३ साली आपले विश्वमोहन भट्ट आणि अमेरिकेचे राय कूडर यांचा संयुक्त अल्बम निघाला तेव्हा तो कुठेच जोडकाम वाटला नाही. पुढच्या वर्षी त्याला ग्रॅमी मिळाले.

१९२० साली मेमी स्मिथ या गायिकेची तबकडी निघाली आणि तुफान खपली. मग कंपन्यांना कळले की या लोकांचे गाणे हे लोकच विकत घेतात. १९४१ साली अॅलन लोमॅक्स आणि जॉन वर्क हे ध्वनिमुद्रणाचे यंत्र घेऊन मिसिसिपीत गेले आणि मडी वॉटर्स या मजुराचे गाणे त्यांनी टिपले. आपलाच आवाज यंत्रातून ऐकल्यावर त्याला वाटले, आपणही गाऊ शकतो! १९४३ साली तो शिकागोला गेला. शहराच्या गोंगाटात साधी गिटार ऐकू जाईना, म्हणून विजेची हाती घेतली. त्याच्या एका गाण्यावरून लंडनच्या पोरांनी १९६२ साली आपल्या बँडला 'रोलिंग स्टोन्स' नाव दिले. रॉक संगीताची मुळे इथे आहेत. आणि २०११ साली मुंबईत वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत ब्लूजचा महोत्सव भरला, तेव्हा लहानपणी कापूस वेचलेले बडी गाय तिथे गायले.

आता घरची गोष्ट सांगतो. माझी आई सातारकडची, लग्न होऊन काशीला आली. याच घाटावरच्या बोळात पहाटे जाते ओढताना ती ओव्या म्हणायची. माहेर, भाऊ, सासुरवास, गेलेले मूल, सगळे त्यात यायचे. पुढे मी पगारातून टेपरेकॉर्डर घेतला आणि त्यावर रेडिओची गाणी टेप केली. आईला एकदा विचारले, तर ती म्हणाली, "जात्यावरचं कुणी टेप करतं का रे?" मीही हसलो. १९९४ साली आई गेली. आज चाल आठवते, शब्द आठवत नाहीत.

महाराष्ट्रात हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगाव फिरून बायांच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांतल्या काही आज कुणालाही ऐकता येतात. पण आमच्या बोळात कुणी आले नाही, आणि मी घरात असून नसल्यासारखा होतो.

मित्रहो, ब्लूज जगभर गेले ते चांगले होते म्हणून, हे खरेच. पण कुणीतरी वेळेवर यंत्र घेऊन दारात उभे राहिले म्हणूनही. आज प्रत्येकाच्या खिशात ते यंत्र आहे. समोरच्या रांगेत बसलेल्या काकू-मावशी आता नाही म्हणतील, लाजतील. तरी गौरीच्या दिवशी त्यांच्यापुढे बसा आणि म्हणा, एकच ओवी म्हणा. पहिली ओळ विसरल्या तर घाई करू नका. तीच ओळ पुन्हा म्हणू द्या. पुढची आपोआप येते.

गणपती बाप्पा मोरया!