प्रतिपक्षाला दाद



वसंत व्याख्यानमालेच्या या व्यासपीठावर उभा राहणारा माणूस सहसा विद्वान असतो. मी तसा नाही. उभी हयात मी एका कचेरीत खतावण्या तपासण्यात घालवली आणि सुट्टीचे दिवस क्रिकेटचे सामने पाहण्यात. चालक मंडळी माझ्याकडे आली तेव्हा मी त्यांना स्पष्ट सांगितले, "अहो, मी खेळलेलो नाही, नुसता पाहत आलो आहे." त्यावर ते म्हणाले, "मग पाहणाऱ्याविषयीच बोला." म्हणून आज मी खेळाडूविषयी थोडे आणि पाहणाऱ्याविषयी अधिक बोलणार आहे.

माझा प्रश्न अगदी साधा आहे. आपल्या संघाविरुद्ध खेळणारा खेळाडू उत्तम खेळला, तर त्याला आपण दाद द्यावी की नाही? आपण सारे सुसंस्कृत माणसे, तेव्हा "द्यावी" असेच म्हणणार. पण आपण शेवटची अशी दाद केव्हा दिली आणि त्या वेळी आपला संघ जिंकत होता की हरत होता, एवढे जरा आठवून पाहा. उत्तर तितके सोपे नाही, असे माझ्यासारखेच तुम्हांलाही आढळेल.

हा धडा मला पहिल्यांदा वडिलांकडून मिळाला. ते गिरगावात वाढलेले. १९४३ सालच्या डिसेंबरात ब्रेबोर्न मैदानावर झालेला पंचरंगी सामन्यांचा अंतिम सामना त्यांनी पाहिला होता. त्या काळी या सामन्यांतले संघ धर्माप्रमाणे पाडलेले असत. वडील अर्थातच हिंदू संघाचे. समोर होता 'इतर' नावाचा संघ, म्हणजे ज्यांना दुसरीकडे कोठे जागा नाही अशांचा. सांगलीचे विजय हजारे हे धर्माने ख्रिस्ती, म्हणून ते त्या संघात. हिंदू संघाने पाच गडी बाद ५८१ वर डाव सोडला. त्यात विजय मर्चंट २५० वर नाबाद. इतर संघ १३३ धावांत आटोपला आणि त्याला लगेच दुसऱ्यांदा खेळावे लागले. सामना तेथेच संपल्यासारखा होता. पण हजारे उभे राहिले. संघाच्या ३८७ धावा झाल्या, त्यांतल्या ३०९ एकट्या हजाऱ्यांच्या! त्यांनी आपले बंधू विवेक यांच्याबरोबर ३०० धावांची भागी केली, आणि त्या तीनशेत विवेकरावांचा वाटा होता २१ धावांचा. एवढे होऊनही इतर संघ एक डाव आणि ६१ धावांनी हरला.

वडील हा सामना सांगत तेव्हा मर्चंटांचे अडीचशे चार वाक्यांत संपत आणि हजाऱ्यांचे तीनशेनऊ तासभर चालत. शेवटी ते म्हणत, "सामना आपण जिंकला, पण मी घरी आलो तो हजाऱ्यांचा होऊन." लहानपणी मला याचे मोठे नवल वाटे. आपण जिंकलो असताना हरलेल्याचे गुण काय गायचे? एकदा मी तसे विचारलेही. वडील म्हणाले, "संघ जन्माबरोबर मिळतो, त्यात आपले कर्तृत्व नाही. आवड मात्र स्वतः कमवावी लागते."

आता वडिलांच्या काळातून एकदम आपल्या काळात येऊ. २०२१ सालच्या डिसेंबरात न्यूझीलंडचा संघ वानखेडेवर कसोटी सामना खेळायला आला. करोनाच्या निर्बंधांमुळे मैदान पाव भागच भरू द्यायचे ठरले होते. त्या पाव भागात मी होतो. पहिल्या दिवशी आपली धावसंख्या बिनबाद ८० होती. मग ८० वर पहिला गडी गेला, ८० वरच दुसरा आणि ८० वरच तिसरा. तिन्ही बळी एकाच डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाचे होते. त्याचे नाव एजाज पटेल. दुसऱ्या दिवशी, ४ डिसेंबरला, त्याने उरलेले सगळे गडीही एकट्यानेच बाद केले. ४७ षटके आणि ५ चेंडू, ११९ धावा आणि १० बळी! कसोटीच्या इतिहासात हा पराक्रम त्याच्या आधी दोघांनीच केला होता. १९५६ साली मँचेस्टरला जिम लेकर यांनी आणि १९९९ साली दिल्लीला आपल्या अनिल कुंबळे यांनी.

आम्ही सारे उभे राहिलो. आपल्या खेळाडूंनीही टाळ्या वाजवल्या. पुढे आश्विनने आपल्या संघाच्या सह्या असलेला सदरा त्याला भेट दिला. मी तळहात लाल होईपर्यंत टाळ्या वाजवल्या आणि मनात म्हटले, आज वडील असायला हवे होते.

परतीच्या प्रवासात गाडीत दुसरा विषय नव्हता. एजाज पटेल हा मूळचा मुंबईचा. १९८८ साली येथेच जन्मला, जोगेश्वरीत राहिला आणि आठ वर्षांचा असताना आईवडिलांबरोबर न्यूझीलंडला गेला. अंधेरी सुटली, जोगेश्वरी आली आणि डब्यातला कोणीतरी मोठ्याने म्हणाला, "हे बघा, एजाजचं स्टेशन आलं!" सारा डबा हसला. जणू त्या दहा बळींत पश्चिम रेल्वेचाही काही वाटा होता! मीही हसलो आणि मोठ्या समाधानाने बोरिवलीला उतरलो.

पण खतावण्या तपासणाऱ्या माणसाला एक वाईट खोड असते. जमेचा आकडा मोठा दिसला की तो पुन्हा तपासतो. त्या रात्री मी माझे औदार्य तपासायला घेतले आणि दोन गोष्टी खटकल्या. पहिली ही की, एजाजने दहा गडी बाद केले त्याच दिवशी न्यूझीलंडचा डाव ६२ धावांत गुंडाळला गेला होता. सामना आपल्या खिशात होता. पुढे आपण तो ३७२ धावांनी जिंकलोही. भरल्या पोटी पाहुण्याला वाढायला काय लागते? दुसरी गोष्ट अशी की, माझ्या टाळ्यांतल्या निम्म्या तरी जोगेश्वरीसाठी होत्या. "तो आपलाच" असे म्हटले की परक्याचे कौतुक करण्याची अडचणच उरत नाही. आपण त्याला गुपचूप आपल्या संघात ओढतो आणि मग आपलीच पाठ थोपटून घेतो. वडिलांना हजारे आवडले ते सांगलीचे म्हणून नव्हे, ते तसे खेळले म्हणून.

तुम्ही म्हणाल, एवढा कीस कशाला काढता? आनंद झाला, पुरे झाले. पण कीस काढायचे कारण त्याच मैदानाने मला दिले आहे. १७ ऑक्टोबर २००७ रोजी वानखेडेवर ऑस्ट्रेलियाबरोबर एकदिवसीय सामना होता. मुरली कार्तिकने २७ धावांत सहा गडी बाद केले आणि आपण दोन गडी राखून जिंकलो. पण दुसऱ्या दिवशी चर्चा विजयाची झाली नाही. अँड्र्यू सायमंड्स या कृष्णवर्णी खेळाडूकडे पाहून काही प्रेक्षकांनी माकडासारखे हावभाव केले होते आणि त्यांची छायाचित्रे वर्तमानपत्रांत आली होती. ते प्रेक्षक कोठून परदेशातून आलेले नव्हते. तेही आपल्यासारखेच लोकल गाडीने घरी गेले असतील. पुढे २०११ साली हाच सायमंड्स मुंबई इंडियन्स संघातून खेळला, आणि मग तो आपला झाला! माणूस तोच होता, फक्त अंगातला सदरा बदलला होता. आपली आवड आणि आपला तिटकारा जर अशा रीतीने सदऱ्यावरच ठरत असतील, तर आपण खेळ पाहतो की शिंप्याची कारागिरी, असा प्रश्न पडतो.

आता माझी स्वतःची गोष्ट सांगतो. ती सांगावी की नाही, याचा मी बराच विचार केला.

३ नोव्हेंबर २०२४. रविवार होता आणि भाऊबीज होती. माझी थोरली बहीण जोगेश्वरीला राहते, तिच्याकडे मी ओवाळून घ्यायला गेलो होतो. वानखेडेवर न्यूझीलंडविरुद्धच्या तिसऱ्या कसोटीचा तिसरा दिवस चालू होता. मालिकेतले पहिले दोन सामने आपण हरून बसलो होतो. हा जिंकायला फक्त १४७ धावा हव्या होत्या. पाहता पाहता आपले पाच गडी २९ धावांत गेले. मग ऋषभ पंत उभा राहिला, त्याने ६४ धावा केल्या, आणि घरातल्या सगळ्यांनी जागा बदलायची नाही असा दंडक घातला. पण पंतलाही एजाजनेच बाद केले. १२१ वर शेवटचा गडी त्रिफळाचीत झाला, गोलंदाज पुन्हा तोच. दुसऱ्या डावात सहा आणि सामन्यात अकरा बळी. आपण २५ धावांनी हरलो. मायदेशी तीन कसोटींच्या मालिकेत तिन्ही सामने हरण्याची भारतावर ही पहिलीच वेळ होती.

शेवटची दांडी उडाली आणि मी उठून टीव्ही बंद केला.

ताई स्वयंपाकघरातून म्हणाली, "अरे, हरलात तर हरलात. पानं घेतली आहेत." तिचा बारा वर्षांचा नातू मात्र जागचा हलला नाही. वानखेडेवरच्या त्या दहा बळींची गोष्ट त्याने माझ्याकडून निदान वीस वेळा ऐकली होती. तो म्हणाला, "मामाआजोबा, त्या वेळी तुम्ही उभं राहून टाळ्या वाजवल्या होत्या ना? मग आज का नाही?"

मी म्हणालो, "आज आपण हरलो रे."

तो म्हणाला, "पण त्याने बोलिंग तर तशीच टाकली ना?"

मंडळी, या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. चेंडू तोच, मैदान तेच, माणूसही तोच जोगेश्वरीचा. किंबहुना २०२१ पेक्षा त्या दिवशीची कामगिरी मोठी होती, कारण तिने सामना जिंकून दिला. बदललो होतो तो मी. जेवून झाल्यावर मी टीव्ही पुन्हा लावला, तेव्हा मैदान रिकामे झाले होते.

त्या दुपारी मला चेन्नईची आठवण झाली. १९९९ च्या जानेवारीत पाकिस्तानचा संघ भारतात आला, तो बऱ्याच वर्षांनी. त्याने येऊ नये म्हणून दिल्लीची खेळपट्टी उखडण्यात आली होती. अशा वातावरणात चेन्नईची कसोटी झाली. जिंकायला २७१ धावा हव्या होत्या. पाठदुखीने बेजार झालेल्या आपल्या सचिन तेंडुलकरने १३६ धावा काढून सामना हाताशी आणला होता. सहा बाद २५४ वरून आपण सर्वबाद २५८ झालो, आणि १२ धावांनी हरलो. सारे स्टेडियम क्षणभर सुन्न झाले आणि मग उभे राहिले. पाकिस्तानच्या खेळाडूंनी मैदानाला फेरी मारली आणि चेन्नईकरांनी त्यांना टाळ्यांनी दाद दिली. तेथे "तो आपलाच" म्हणण्याची सोय नव्हती आणि विजयाने पोटही भरलेले नव्हते. मी जिला खरी दाद म्हणतो, ती ही.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो खोटा नाही. असे सर्वांवरच प्रेम करायचे, तर आपल्या संघावरच्या प्रेमाचे काय? मी त्या प्रेमावर पाणी सोडा म्हणत नाही. भाऊबीजेचे ते जेवण मला गोड लागले नाही, आणि लागायलाही नको होते. ज्याला हरल्याचे दुःख होत नाही, त्याच्या टाळीला तरी काय किंमत? प्रतिपक्षाला दाद देणारा माणूस आपला पक्ष सोडत नाही. समोरचा चांगला आहे, म्हणूनच आपले जिंकणे हे जिंकणे ठरते, एवढेच तो ओळखतो. १९६२ साली बार्बाडोसमध्ये ग्रिफिथचा चेंडू डोक्याला लागून आपले कर्णधार नरी काँट्रॅक्टर मृत्यूच्या दारात पडले होते. तेव्हा रक्त देणाऱ्यांत आपले खेळाडू होते, तसेच वेस्ट इंडीजचे कर्णधार फ्रँक वॉरेलही होते. मैदानावर वॉरेल यांनी आपल्याला एक धावही सोडली नसती. त्या मालिकेत आपण पाचही कसोट्या हरलो! पण मैदानावरचा सामना आणि माणसाशी असलेले नाते या दोन गोष्टी त्यांनी एकाच खात्यावर मांडल्या नाहीत.

आपल्या उपनगरांतून रोज सकाळी मोठाल्या पिशव्या पाठीवर घेतलेली मुले गर्दीच्या गाड्यांतून मैदानांकडे जातात. खेळायचे कसे, ते त्यांना शिकवायला शिक्षक आहेत. पण हरल्यावर वागायचे कसे, ते ती आपल्याकडे पाहून शिकतात. आपण टीव्ही केव्हा बंद करतो, हे ती पाहत असतात.

मी कचेरीतला माणूस. माझ्या खात्यावर ३ नोव्हेंबर २०२४ ची एक टाळी बाकी राहिली आहे, आणि बाकी राहिलेली मला आवडत नाही. ज्याने तो प्रश्न विचारला, तो मुलगा आज येथे तिसऱ्या रांगेत बसला आहे. तेव्हा माझी एक विनंती आहे. माझे भाषण आता संपले. त्याला टाळ्या नकोत. ज्याने आपल्याला आपल्याच मैदानावर हरवले, त्याच्यासाठी वाजवा. तो जोगेश्वरीचा म्हणून नव्हे. चेंडू चांगले टाकले म्हणून. पहिली टाळी मी वाजवतो.