शाळेची भिंत आणि विडीचे बंडल
(संस्थेच्या महोत्सवी सभेत दिलेले भाषण)



या आनंदाच्या प्रसंगी मी चार गोड शब्द बोलावेत अशी चिटणिसांची इच्छा होती. मी निवडलेला विषय मात्र कडवट आहे, म्हणून आरंभीच क्षमा मागतो. आपल्या आदिलाबादच्या मुलांना कोवळ्या वयात विडी-सिगारेटपासून शाळेने दूर कसे ठेवावे, याविषयी मला बोलावयाचे आहे.

माझा अधिकार काय, तेही सांगून टाकतो. मी शिक्षक होतो आणि अकरा वर्षे विडी ओढत होतो. मधल्या सुट्टीत विहिरीमागे उभे राहून ओढावयाची आणि घंटा झाली की त्याच बोटांत खडू धरून फळ्यापुढे जावयाचे. मुलांना काही कळत नाही, अशी माझी समजूत! एके दिवशी सातवीतल्या एका मुलाच्या दप्तरात काडेपेटी सापडली. मी छडी उगारली. तो म्हणाला, "गुरुजी, मी पण विहिरीमागंच ओढली." छडी तशीच खाली आली. माझी विडी सुटावयास त्यानंतरही दोन वर्षे लागली.

आता आपला मुलूख पाहा. उन्हाळ्यात आपल्या रानांतून तेंदूची पाने खुडतात आणि पन्नास-पन्नास पानांच्या जुड्या बांधतात. आपले तेलुगु शेजारी त्यांना तुनिकाकू म्हणतात. 2016 साली आपल्या जुन्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले व निर्मल वेगळा झाला; तिकडे कितीतरी माउल्या मांडीवर सूप घेऊन विड्या वळतात. त्यांच्या कष्टांविषयी उणा शब्द मी काढणार नाही. विडीवर ज्या घरची चूल पेटते, त्या घरच्या लेकराला शाळेत 'विडी म्हणजे पाप' असे शिकविले, तर ते आईकडे कोणत्या डोळ्यांनी पाहील? छातीत काय होते, पैसा कोठे जातो आणि मित्राने आग्रह केला तर नाही कसे म्हणावे, एवढे शिकवावे. पापपुण्य शाळेने त्यात आणू नये.

आणि हे शिकवावयाचे केव्हा? आपण नववी-दहावीच्या वर्गापुढे डॉक्टरसाहेबांचे व्याख्यान ठेवतो आणि कर्तव्य झाले असे मानतो. 2019 च्या देशव्यापी पाहणीत 13 ते 15 वर्षांच्या विद्यार्थ्यांपैकी 8.5 टक्के मुले कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेताना आढळली. 2009 साली हेच प्रमाण 14.6 टक्के होते, म्हणजे घट झाली आहे. परंतु विडी ओढून पाहिलेल्यांपैकी 47 टक्के मुलांनी ती दहा वर्षांची होण्यापूर्वीच ओढली होती! दहा वर्षांच्या मुलाच्या हाती विडी देतो कोण? "जा रे बाळ, कोपऱ्यावरून बंडल घेऊन ये," असे म्हणणारे आपणच ना?

शाळेच्या प्रयत्नांना यश येते का, असे कोणी विचारील. 2004 ते 2006 या काळात दिल्ली व चेन्नईच्या 32 शाळांत सहावी आणि आठवीच्या मुलांवर एक प्रयोग झाला. त्यात वर्गातीलच मुले पुढारी झाली, चर्चा आणि खेळ झाले, घरी पालकांना पत्रे गेली. जेथे हे झाले तेथे दोन वर्षांत तंबाखूचे सेवन 17 टक्क्यांनी उतरले. जेथे झाले नाही तेथे 68 टक्क्यांनी चढले. बिहारात तर शिक्षकांचीच तंबाखू सोडविण्याचा उपक्रम झाला. तो मला अधिक आवडला. का, ते आपण जाणताच. शेजारच्या गडचिरोलीत 2016 पासून 'मुक्तिपथ' हे कार्य चालू आहे. तिकडे जाऊन ते पाहून यावे. आपणास तेथवर जाणे काही अवघड नाही.

आता घरचे बोलतो. 2003 च्या कायद्याने शाळेपासून 100 यार्डांच्या आत, तसेच 18 वर्षांखालील मुलास कोठेही, तंबाखू विकण्यास मनाई आहे. त्या कायद्यात दंड अवघा 200 रुपयांपर्यंत, म्हणून कोणी मनावर घेत नाही. 2015 च्या बालन्याय कायद्यात मात्र मुलाला तंबाखू देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे.

आपल्या मंगल कार्यालयाच्या पायरीशी जी पानपट्टी आहे, तिच्यापासून शाळेची भिंत मी परवा पावलांनी मोजली. साठ पावले भरली. तिचे भाडे आपल्याच कोशात जमा होते, आणि त्याच कोशातून आपण त्या शाळेतील मुलांना वह्या वाटतो. मंडळी अस्वस्थ झाली, हे मला दिसते आहे. दुकानदार आपलाच माणूस आहे, त्याला उठवा असे मी म्हणत नाही. त्याने चहा विकावा, वह्या-पेन्सिली विकाव्यात. तंबाखू, विडी व सिगारेट तेवढी काढून टाकावी. त्यामुळे त्याची मिळकत घटेल, म्हणून पहिल्या वर्षाचे भाडे त्याला माफ करावे, आणि कोशातील ती तूट मी माझ्या निवृत्तिवेतनातून भरून देईन. चिटणिसांनी हा ठराव येत्या बैठकीपुढे ठेवावा, अशी माझी विनंती आहे.