खोल पाण्यातील हवेचा जमाखर्च
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



या व्याख्यानमालेत आमच्या आधी बोलून गेलेल्या विद्वानांनी संतवाङ्मय, नाट्यसंगीत असे भारदस्त विषय निवडले होते. आमचा विषय ऐकल्यावर कार्यवाहांनी तो दोनदा विचारून घेतला. खोल समुद्रात बुडालेले जहाज पाहावयास जाताना हवेचा हिशेब कसा ठेवावा, हा तो विषय. आम्ही इतिहास घेऊन बी. ए. झालो आणि सारी नोकरी केंद्र सरकारच्या हिशेबखात्यात काढली. त्यामुळे जहाजांच्या इतिहासाची ओढ आणि जमाखर्चाची सवय या दोन्ही गोष्टी आमच्याजवळ होत्या. तिसरी गोष्ट, म्हणजे समुद्र, आम्हांला बदलीने मिळाली.

पन्नाशीच्या उंबरठ्यावर आमची बदली पोर्ट ब्लेअरला झाली. तेथे, सौभाग्यवतींचा विरोध असताना, आम्ही पाठीवर सिलिंडर बांधून पाण्याखाली जावयास शिकलो. आज महाराष्ट्रातही तारकर्लीला ही विद्या शिकता येते. आमच्या तरुणपणी मात्र तिचे नाव केवळ मासिकांतून वाचनात येई. झाक कूस्तो आणि एमिल गान्यां या फ्रेंच जोडीने १९४३ साली पाण्याखाली मागणीनुसार हवा पुरविणारे यंत्र सिद्ध केले, तेव्हापासून सामान्य माणसाला हा मार्ग खुला झाला.

प्रथम या हिशेबाचे मूळ सूत्र सांगतो. पाण्याच्या पृष्ठभागावर आपल्यावर वातावरणाचा एक पट दाब असतो. समुद्रात दर १० मीटर खोलीला त्यात आणखी एका पटीची भर पडते. १० मीटरवर दाब दुप्पट, ३० मीटरवर चौपट, ५० मीटरवर सहापट. रॉबर्ट बॉइलने १६६२ साली मांडलेला नियम आपण शाळेत पाठ केला होता : दाब वाढला की वायूचे आकारमान त्याच प्रमाणात घटते. म्हणून ५० मीटरवरचा एक श्वास सिलिंडरमधून पृष्ठभागावरच्या सहा श्वासांइतकी हवा ओढून घेतो. फुप्फुस तेवढेच, श्वास तेवढाच, पण खर्च सहापट. महागाईचे असे कोष्टक आमच्या खात्यातही कधी पाहण्यात आले नव्हते.

आता प्रत्यक्ष आकडे घेऊ. १२ लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बार दाबाने हवा भरली की ती सुमारे २४०० लिटर होते. बुडी मारणारा शांत माणूस पृष्ठभागाच्या मानाने मिनिटाला साधारण २० लिटर हवा घेतो. तेव्हा ५० मीटरवर त्याला मिनिटाला १२० लिटर लागतात. भागाकार करून कोणी म्हणेल, वीस मिनिटे मिळाली ! हाच तो प्राणघातक भागाकार. कारण यात वर येण्याचा खर्च धरलेला नाही, आणि जोडीदार तर मुळीच धरलेला नाही.

जोडीदाराला धरून पुन्हा मांडणी करू. समजा, तळाशी त्याची हवा अकस्मात बंद पडली. आता दोघांनी एकाच साठ्यावर वर यावयाचे आहे. घाबरलेला माणूस मिनिटाला २० नव्हे, ३० लिटर तरी ओढणार, म्हणजे दोघांचे ६०. तळाशी सावरण्यास दोन मिनिटे दिली तर सहापट दाबाने ७२० लिटर गेले. नंतर मिनिटाला ९ मीटर या सावकाश गतीने वर येण्यास सुमारे सहा मिनिटे लागतात. वाटेतला सरासरी दाब साडेतीन पट धरला, तर आणखी १२६० लिटर झाले. एकूण १९८०. म्हणजे २४०० लिटरांतून खर्चावयास उरले ४२०, अर्थात तळावरची साडेतीन मिनिटे ! कोष्टकातल्या वीस मिनिटांची ही खरी किंमत. आणि वर येताना शरीरात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडावा म्हणून टप्प्याटप्प्याने थांबावे लागते, तो खर्च निराळाच. या विरामांचे शास्त्र जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी आपल्या सहकाऱ्यांसह १९०८ साली प्रसिद्ध केले.

म्हणूनच अशा बुडीला दोन जोडसिलिंडर पाठीवर घेतात, आणि विरामांसाठी अधिक प्राणवायू असलेले सिलिंडर कुशीला वेगळे बांधतात. गुहांमध्ये बुडी मारणाऱ्यांनी अनेक मृत्यूंचा अभ्यास करून एक नियम रूढ केला. शेक एक्स्ली या अमेरिकन पाणबुड्याने १९७९ साली आपल्या पुस्तिकेत तो आग्रहाने मांडला. साठ्याचे तीन भाग करावेत : एक जाण्यासाठी, एक परतण्यासाठी आणि तिसरा संकटासाठी. जहाजाचा सांगाडा हीही एक गुहाच. आत शिरले की गाळ उठतो, दिशा हरवते आणि डोक्यावर छत असते. पण एवढ्यावरही भागत नाही. तिसऱ्या भागात दोघांना वर आणण्याइतकी हवा खरोखर बसते की नाही, हे दर वेळी खोलीप्रमाणे तपासून पाहावे लागते.

यापुढील प्रश्न, आपला स्वतःचा खर्च किती ? दुसऱ्याचे कोष्टक येथे उपयोगी पडत नाही. रीत सोपी आहे. १० मीटर खोलीवर दहा मिनिटे संथ पोहावे आणि दाबमापकाची आधीची व नंतरची नोंद करावी. आमचे पहिल्या वेळी १२ लिटरच्या सिलिंडरमधून ४० बार खर्च झाले. म्हणजे ४८० लिटर. दहा मिनिटांनी आणि दुप्पट दाबाने भागले की मिनिटाला २४ लिटर. ही उधळपट्टी होती. दोन वर्षे आम्ही प्रत्येक बुडीची नोंद वहीत ठेवली, आणि आकडा १८ पर्यंत खाली आला. तो श्वास रोखून आला नाही, हे तरुणांनी ध्यानात घ्यावे. श्वास रोखला की रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि डोके भणभणते. रोखलेल्या श्वासाने वर येणारा तर फुप्फुस फाडून घेतो. आकडा उतरला तो हातपाय मारणे कमी केल्याने, अंगावरचे शिसे नेमके ठेवल्याने आणि शरीर आडवे, संथ ठेवल्याने. पाण्यात घाई करणारा श्रीमंत राहूच शकत नाही.

ही वही आम्ही हौसेने सुरू केलेली नाही. स्वराज द्वीपाजवळ २८ मीटरवर आम्ही एकदा माशांच्या थव्यात रमलो. १०० बार झाले की शिक्षकाला खूण करावी, असे ठरले होते. मापक ९० वर आले, ७० वर आले. आमच्या मुलाच्या वयाच्या त्या शिक्षकापुढे हात कसा पसरावा, या संकोचाने आम्ही खूण केली नाही. ४० वर केली. त्याने आपला जादा मुखनळ आमच्या तोंडात दिला आणि आम्हांला वर आणले. बोटीवर तो एवढेच म्हणाला, “काका, तुम्ही उधार घेतली ती हवा माझी होती.” त्या रात्री आम्हांला झोप लागली नाही.

आता मुख्य प्रसंग सांगतो. श्रीलंकेत बट्टिकलोआच्या किनाऱ्यापलीकडे, सुमारे ५३ मीटर पाण्यात ‘हर्मीस’ ही ब्रिटिश विमानवाहू नौका पडून आहे. मुळातच विमानवाहू म्हणून जिचा आराखडा केला, अशी ती जगातील पहिली नौका. ९ एप्रिल १९४२ रोजी जपानी विमानांनी तिला बुडविले, आणि तीनशेहून अधिक माणसे तिच्याबरोबर गेली. तिचेच नाव घेऊन बांधलेली दुसरी ‘हर्मीस’ १९८७ साली आपल्या नौदलात ‘विराट’ म्हणून दाखल झाली. मुंबईकरांना तिची ओळख सांगावयास नको. २०१७ च्या मार्चमध्ये ती निवृत्त झाली, आणि पुढे अलंगला तिची मोडतोड झाली.

नौदलातून निवृत्त झालेले आमचे एक तेलुगूभाषक स्नेही या ‘विराट’वर काम केलेले. आपले जहाज भंगारात गेले, निदान तिच्या थोरल्या बहिणीला एकदा हात लावून यावे, ही त्यांची इच्छा. दोघांनी दोन वर्षे तयारी केली. ५३ मीटर ही हौशी मंडळींच्या ४० मीटरच्या मर्यादेपलीकडची खोली. तेथे साध्या हवेने नायट्रोजनची गुंगी चढते आणि हिशेब करणारे डोकेच ठिकाणावर राहत नाही. म्हणून हेलियम मिसळलेला वायू वापरण्याचे शिक्षण घेतले. परदेशगमनासाठी कार्यालयाची परवानगी काढली. आदल्या रात्री बसून आकडे पक्के केले, आणि ते प्लॅस्टिकच्या पाटीवर लिहून मनगटाला बांधले. दोर धरून उतरताना ३० मीटरच्या खुणेवर दोघांपैकी कोणाचाही दाब १७५ बारच्या खाली असेल, तर तेथूनच परतावयाचे, असे ठरले.

२०२३ च्या मे महिन्यातील ती सकाळ. वर समुद्र आरशासारखा होता, खाली प्रवाहाला विलक्षण ओढ होती. दोराला लोंबकळत, हातावर हात टाकीत आम्ही उतरलो. ३० मीटरच्या खुणेवर मापक पाहिले : १६५. स्नेह्यांचे मापक १८० दाखवीत होते. खाली निळ्या अंधारात एक प्रचंड काळी सावली दिसू लागली होती.

अवघे दहा बार ! दोन सिलिंडरांचे मिळून २४० लिटर. तळावरची दोनच मिनिटे. मनाने तत्काळ पुनर्विनियोजनाचा प्रस्ताव तयार केला : या सदरातील तूट त्या सदरातून भरून काढावी. सरकारी नोकरीत हे आम्ही आयुष्यभर केले. तेथे ३१ मार्चला पैसा शिल्लक उरणे हा दोष मानतात, आणि तो कसाबसा खर्ची टाकतात. पण ज्या शिलकेतून ही दोन मिनिटे काढावयाची, ती कोणाची होती ? संकटात दोघांना वर आणण्यासाठी ठेवलेली हवा ती. आमच्या पाठीवर असली, तरी तिच्यावर नाव स्नेह्यांचे होते. स्वराज द्वीपाच्या त्या मुलाचे शब्द आठवले. आम्ही अंगठा वर केला. पाणबुड्यांच्या भाषेत त्याचा अर्थ, वर चला.

या खुणेचे कारण विचारावयाचे नाही आणि तिच्यावर वाद घालावयाचा नाही, हा संकेत आहे. स्नेह्यांनी क्षणभर खाली पाहिले, मग आमच्याकडे पाहून अंगठा वर केला. बोटीवर आम्ही क्षमा मागू लागलो, तेव्हा ते म्हणाले, “साहेब, हिशेब दोघांचा एकच असतो. तुमचे कमी, ते माझेही कमी.” पुढचे तीन दिवस समुद्र खवळलेला राहिला. आमची रजा संपली. ‘हर्मीस’ला त्यांचा हात अजून लागलेला नाही. या वर्षी पुन्हा जाण्याचा बेत आहे, आणि वहीतील आमचा आकडा आता १६ आहे.

मित्रहो, खोल पाण्याने आम्हांला शिकविले ते इतकेच की, शिल्लक ही खर्च करावयाची राहून गेलेली रक्कम नसते. ती दुसऱ्यासाठी राखलेली ठेव असते. पन्नास वर्षांपूर्वी या परक्या गावी ज्या मंडळींनी तुटपुंज्या पगारातून वर्गणी काढून पुस्तकांची पहिली दोन कपाटे आणि ही जागा उभी केली, त्यांनी ती आपल्यासाठी नव्हे, येथे पुढे येणाऱ्या अनोळखी बिऱ्हाडांसाठी राखली होती. त्यांपैकी एक बिऱ्हाड आमचे.