वाटाड्याचे नाव



पत्रिकेत माझ्या विषयापुढे ‘प्रवास’ एवढाच शब्द छापला आहे. त्यामुळे आपल्यापैकी काहींना पडद्यावर चित्रे दिसतील अशी आशा असेल. चित्रे नाहीत. कॅनडातल्या रॉकी पर्वतामधल्या निळ्या तळ्याचा निदान एक फोटो आपल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये कोणा ना कोणा भाच्याने, सुनेने पाठवलेला आहेच. त्यात माझी भर कशाला? मला बोलायचे आहे ते फोटोच्या चौकटीत न येणाऱ्या माणसाबद्दल. वाट दाखवणारा तो वाटाड्या. आता आपण त्याला गाइड म्हणतो.

इंदूरच्या मराठी घरांतले आई-वडील हल्ली उन्हाळा संपता संपता मुलांकडे निघतात. त्यातले बरेच कॅल्गरीला जातात. मुलांना आठवड्याच्या मधल्या वारी रजा मिळत नाही आणि शनिवार-रविवारी डोंगरात मुंगीला शिरायला जागा नसते. मग मुले ‘प्रायव्हेट टूर’ करून देतात. एक गाडी, एक गाइड, एकच कुटुंब, एक दिवस. सकाळी दारातून नेणार, संध्याकाळी दारात आणून सोडणार. मोठ्या बसच्या सहलीपेक्षा हे महाग, पण पैसे माणशी नसून गाडीचे असतात, तेव्हा चारपाच जण असले तर हिशेब इतका अंगावर येत नाही. शिवाय साठीनंतर ज्या दोन गोष्टींवर प्रवासाचे सुख अवलंबून असते, म्हणजे गुडघे आणि स्वच्छतागृह, त्या दोन्हींची वेळ आपल्या हातात राहते. हे विनोदाने म्हणत नाही.

आणखी एक कारण आहे. मोरेन लेक नावाच्या तळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर २०२३पासून खासगी मोटारींना बंदी आहे. मुलाची गाडी कितीही चांगली असो, ती खालीच ठेवायची. वर जायचे तर सार्वजनिक बस, नाहीतर परवानाधारक सहलवाल्यांची गाडी. म्हणजे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी जशी वाटाड्यावाचून ती तळी दिसत नव्हती, तशी पुन्हा थोडीफार परिस्थिती आली आहे.

आमची गाइड साठीच्या घरातली बाई होती. कॅनमोरची. आज कॅनमोर म्हणजे हॉटेले आणि टुमदार बंगले, पण १९७९पर्यंत ते कोळशाच्या खाणीचे गाव होते आणि तिचे वडील त्या खाणीत कामाला होते. गाडीत बसताच तिने सांगून टाकले की फोटो तुम्ही तुमचे काढा, मी नावे सांगेन. दिवसभर तिने तेच केले.

कॅल्गरीपासून बॅन्फ सुमारे सव्वाशे किलोमीटर. अर्धी वाट ओलांडल्यावर मोर्ली लागते. स्टोनी नाकोडा लोकांची ही राखीव जमीन, आणि हमरस्ता तिच्यातूनच जातो. १८७७ साली सातवा करार झाला, त्यात हे लोक सामील होते. १८८५ साली खंडभर पसरलेला कॅनेडियन पॅसिफिक लोहमार्ग पुरा झाला, त्याच वर्षी बॅन्फच्या गरम पाण्याच्या झऱ्यांभोवतीची जागा सरकारने राखून ठेवली. कॅनडातले पहिले राष्ट्रीय उद्यान त्यातूनच निघाले. उद्यान झाले आणि ज्या डोंगरात हे लोक पिढ्यान्‌पिढ्या शिकार करत आले होते तिथे त्यांची शिकार बेकायदा ठरली. काचेतून पाहिले तर मोर्लीत गवत, काही घरे, काही घोडे एवढेच दिसते. आमच्या गाइडने मात्र गाडी हळू केली आणि म्हणाली, आज तुम्ही जे पाहाल त्याची वाट या गावातल्या माणसांनी दाखवली आहे.

ती वाट कशी दाखवली ते लेक लुईसपाशी ऐकायला मिळाले. १८८२ साली टॉम विल्सन हा रेल्वेच्या मोजणीदारांबरोबर सामानाचे घोडे हाकणारा माणूस या भागात तळ देऊन होता. वरून गडगडाट ऐकू येई. त्याने विचारले, तेव्हा स्टोनी लोकांनी सांगितले की छोट्या माशांच्या तळ्यावरच्या बर्फाच्या डोंगराचा तो आवाज आहे, हिमकडे कोसळतात त्याचा. दुसऱ्या दिवशी एडविन हंटर नावाच्या स्टोनी माणसाने विल्सनला तिथे नेले. विल्सनने तळ्याला ‘एमराल्ड’ म्हणजे पाचू हे नाव दिले. पुढे तेही गेले आणि राणी व्हिक्टोरियाच्या मुलीचे, लुईस कॅरोलाइन आल्बर्टाचे नाव आले. तिचे यजमान कॅनडाचे गव्हर्नर जनरल होते. तिच्याच तिसऱ्या नावावरून सगळ्या प्रांताला आल्बर्टा म्हणतात. पुस्तकांत मात्र आढळते की लेक लुईसचा ‘शोध’ टॉम विल्सनने लावला. ज्याने बोट धरून नेले तो शोधक नाही, ज्याला नेले तो शोधक! छोट्या माशांचे तळे हे नाव ऐकले की तिथे कोणी उपाशी पोटी गळ टाकून बसले असेल असे डोळ्यापुढे येते. लुईस या नावाने तसे काही येत नाही.

तळ्याच्या रंगाविषयी दोन वाक्ये, कारण घरी परतल्यावर सगळे तेच विचारतात. पाण्यात रंग घातलेला नाही. हिमनदी सरकताना खालचा खडक दळत जाते. ते पीठ मैद्याहूनही बारीक असते, तळाशी न बसता तरंगत राहते, आणि उन्हातला निळा-हिरवा भाग तेवढा परत धाडते. मे महिन्यात जाणाऱ्यांना बर्फच दिसते. जुलै-ऑगस्टमध्ये वितळणे वाढले की रंग भरतो. मुलांनी तिकीट मेचे काढले असेल तर बदलून घ्या.

आता मोरेन लेक. लेक लुईसच्या वस्तीपासून हे चौदा किलोमीटर वर, सुमारे १,८८५ मीटर उंचीवर. तळ्याच्या तोंडाशी दगडांचा मोठा ढीग आहे, त्यावर पायऱ्या केल्या आहेत. वर चढले की समोर ओळीने दहा शिखरे. १९६९ आणि १९७९च्या कॅनेडियन वीस डॉलरच्या नोटेवर हेच दृश्य होते. वॉल्टर विल्कॉक्स या अमेरिकन गिर्यारोहकाने १८९९मध्ये तळ्याला ‘मोरेन’ नाव दिले, कारण त्याच्या मते तो ढीग हिमनदीने ढकलत आणलेला होता. मोरेन म्हणजे तसलाच दगडमातीचा बांध. पण तो ढीग बहुधा शेजारच्या कड्यावरून कोसळलेल्या दरडीचा आहे, असे भूशास्त्रज्ञ मानतात. तेव्हा नाव चुकीचे, आणि तरी ते कायम. त्या कड्याचे नाव काय म्हणाल? टॉवर ऑफ बॅबेल. बायबलात माणसांच्या भाषा जिथे एकमेकांत कालवल्या गेल्या तो मनोरा. साहित्यसभेच्या व्याख्यानासाठी याहून सोयीची दरड मला शोधूनही सापडली नसती.

त्या दहा शिखरांची गोष्ट सांगण्यासाठीच मी आज उभा आहे. सॅम्युएल ॲलन या तरुण गिर्यारोहकाने १८९४च्या सुमारास त्यांना नावे दिली, आणि नावे कसली, तर स्टोनी भाषेतले एक ते दहा आकडे. आमच्या गाइडने ढिगावर उभे राहून एकेका शिखराकडे बोट करत ते म्हटले. हीजी, नोम, यामनी, टोन्सा, सप्ता... ‘सप्ता’ म्हणताच माझी पत्नी मागून ओरडली, “सात!” गाइड हसली आणि तिने पाच बोटे दाखवली. स्टोनीत सप्ता म्हणजे पाच. नाकोडा ही सू भाषाकुळातली बोली, संस्कृतशी तिचा काडीचाही संबंध नाही, ध्वनी योगायोगाने जुळला. तरी त्या अनोळखी थंड हवेत आपल्या ओळखीचा शब्द कानावर पडल्यावर आमच्या गटात जी हालचाल झाली ती काही औरच होती. तोवर तळे छान आहे असे सगळे म्हणत होते, त्यानंतर सगळे ऐकू लागले. पुढे शापी, सागोवा, साक्नोवा, नेप्टुआक, वेन्कचेम्ना.

आज नकाशात यातली तीनच नावे आहेत, चौथे टोन्सा, नववे नेप्टुआक आणि दहावे वेन्कचेम्ना. बाकी सात बदलली. पहिल्याला अमेरिकन प्राध्यापक-गिर्यारोहक फे यांचे नाव, तिसऱ्याला आल्बर्टाच्या एका लेफ्टनंट गव्हर्नरचे. पाचवे, आपले ‘सप्ता’, वॉल्टर पेरेन या स्विस वाटाड्याच्या नावाने झाले. हा निदान वाटाड्या होता. उद्यानाच्या रक्षकांना डोंगरातल्या सुटकेचे शिक्षण त्याने दिले. सातवे हेन्रिएटा टूझो हिच्या नावाने, कारण १९०६ साली त्या शिखरावर प्रथम चढलेल्यांत ती होती. आणि सहावे? सहाव्याचे शापी जाऊन माउंट ॲलन झाले. स्टोनी आकडे ज्याने दिले त्याचाच गौरव करायचा म्हणून त्याने दिलेला एक स्टोनी आकडा पुसला. यात दुष्टावा कोणाचा नाही. मंडळे बसतात, ठराव होतात, थोरांची स्मारके होतात. आपण इंदूरकर हे जाणतोच. महूचे नाव २००३ साली डॉ. आंबेडकर नगर झाले, ते योग्यच झाले, आणि बस थांब्यावर मात्र अजून ‘महू, महू’ अशीच हाक येते.

लेक लुईसहून उत्तरेला पंचेचाळीस किलोमीटरवर बो खिंडीतून एक तळे दिसते. स्पेलिंग पाहून आपण त्याला पेटो म्हणू, तिकडे ‘पीटो’ म्हणतात. लांडग्याच्या तोंडासारखा त्याचा आकार. बिल पीटो हा घोड्यांवरून पाहुण्यांना डोंगर दाखवणारा गाइड, इंग्लंडहून आलेला, पुढे उद्यानाचा रक्षक झाला. म्हणजे एका वाटाड्याच्या नावाचे तळे आहे तर! आहे, पण पीटोला वाट सापडली ती आधीच्यांच्या पायवाटांवर. उलट उदाहरण एक मनाला लागले. मेरी शेफर या बाईने १९०८ साली जास्परकडचे मलीन तळे गाठले ते सॅमसन बीव्हर या स्टोनी माणसाने काढून दिलेल्या नकाशावरून. लहानपणी एकदा वडिलांबरोबर तो तिथे गेला होता, त्या आठवणीवरून त्याने तो रेखाटला. मेरीने ते पुस्तकात लिहिले आणि तळ्याकाठच्या एका शिखराला सॅमसनचे नाव दिले. लिहिणारी व्यक्ती ऋण मानणारी असेल तर काय होते ते यात दिसते. पीटो तळ्याला पाणी देणारी हिमनदी गेली कित्येक दशके मोजली जाते आहे आणि ती मागे सरकते आहे. ती आटली की खडक दळणारी चक्की बंद, मग हा निळाही जाईल. गाइडने हे सांगितले तेव्हा आवाज चढवला नाही, उतरवलाही नाही.

मराठी प्रवासवर्णनांविषयी माझी तक्रार इथे येते. आपण निळेशार, पाचूसारखे, स्वप्नवत अशी विशेषणे पाने भरून लिहितो, आणि गाइड येतो तो बहुधा विनोदापुरता. त्याचे उच्चार, त्याची घाई, त्याची बक्षिसाची अपेक्षा. गोडसे भटजी वरसईहून निघून आपल्या मुलखातून वर उत्तरेत गेले. १९०७ साली चिं. वि. वैद्यांनी छापलेला त्यांचा ‘माझा प्रवास’ आजही वाचवतो, याचे एक कारण त्यांनी पाहिलेल्याइतकेच वाटेत ऐकलेलेही लिहिले.

परतीच्या वाटेवर आमच्या गाइडने विचारले, तुमच्या गावाजवळ असा उंचावरून पाहण्याचा डोंगर आहे का? मी जाम दरवाजाचे सांगितले. माळव्याचे पठार संपून खाली निमाड दिसते तिथे महेश्वरच्या वाटेवर अहिल्याबाईंनी १७९१ साली बांधलेली ती वेस. पावसाळ्यात आपण तिथे ढग पाहायला आणि भुट्टे खायला जातो. तिचा पुढचा प्रश्न तयारच होता. दरवाजा बांधण्यापूर्वी तो घाट कोणाला ठाऊक होता?

भिल्लांना. अहिल्याबाईंना हे पुरते कळले होते. डोंगरातून जाणाऱ्या मालावर भिल्लांचा जुना हक्क होता, तो त्यांनी मान्य केला. त्याला ‘भीलकवडी’ म्हणत. बदल्यात वाटसरूंच्या रक्षणाची जबाबदारी भिल्लांवर आली. आपल्या पूर्वजांपैकी किती जणांचे सामान, किती नववधूंचे डोले त्या हक्काच्या सावलीत सुखरूप उतरले-चढले असतील! आपण होळकरांबरोबर आलो, आपल्या पिढ्या इथे झाल्या, आपल्या घरांत माळवी मिसळली. पण घाटाच्या दोन्ही अंगांच्या टेकड्यांना, नाल्यांना भिलालीत आणि बारेलीत काय म्हणतात, हे आपल्या कोणत्याही मराठी दप्तरात लिहून घेण्याची पद्धत पडली नाही. दरवाजाचे साल आपल्याला पाठ, घाटाचे नाव विचारायचे राहिले.

कॅनमोरजवळच्या एका शिखराचे नाव स्थानिक स्त्रियांना अपमानकारक होते. ते २०२० साली काढून ‘अनू काथा इपा’, गरुडाचे शिखर, हे स्टोनी नाव अधिकृत झाले. वृद्धांच्या आठवणीत ते होते म्हणून परत देता आले. आपल्याकडे असे वृद्ध अजून पाड्यांवर आहेत.

म्हणून सभेपुढे एक छोटी सूचना ठेवतो. आपल्या तरुण सभासदांपैकी चार-पाच जणांनी येत्या पावसाळ्यात जाम घाटात जावे, मानपूरकडच्या बाजूलाही जावे. एक वही न्यावी. टेकडी, नाला, पाऊलवाट, दरीचे टोक, जे जे बोट दाखवून विचारता येईल त्याचे नाव जसे ऐकू येईल तसे देवनागरीत लिहावे, अर्थ विचारावा, आणि सांगणाऱ्याची परवानगी असेल तर त्याचे नाव शेजारच्या रकान्यात लिहावे. छपाईचा खर्च फार नाही. रविवार टाळला तर तिथे गर्दीही नसते.